रणदोरी बेहक, एप्रिल २०२०: बर्फातले ठसे आणि गाडलं गेलेलं कुंपण

१ एप्रिल २०२०. लॉकडाऊन लागून जेमतेम आठवडा झालेला, टीव्हीवर दिवसभर पेशंटचे आकडे चाललेले, आणि तिकडे उत्तर काश्मीरात, कुपवाडा जिल्ह्यातल्या केरन सेक्टरमध्ये, रणदोरी बेहक नावाच्या जागी, जवानांना बर्फात पावलांचे ठसे दिसले. प्रकरणाची सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली. पुढच्या चार-पाच दिवसांत पाच घुसखोर मारले गेले आणि आपल्या ४ पॅरा स्पेशल फोर्सेसचे, म्हणजे लष्कराच्या कमांडो बटालियनचे, पाच जण गेले. ५ एप्रिलला रविवार होता. त्याच रात्री ९ वाजता आपण सगळे लाइट बंद करून गॅलरीत नऊ मिनिटं दिवे घेऊन उभे होतो, आठवत असेल. बातमी आली खरी पण कोरोनाच्या गदारोळात ती कुठे गेली कळलंच नाही. मला हे प्रकरण तेव्हापासून सोडत नाही म्हणून जरा बसून नीट लिहितोय, कारण डोंगरातली सीमा राखायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे या एका ऑपरेशनमधून जेवढं समजतं तेवढं दहा चर्चासत्रांतून समजत नाही.

आधी जागा समजून घेऊ, कारण जागा नाही कळली तर पुढचं काहीच कळणार नाही.

नियंत्रण रेषा साधारण ७४० किलोमीटरची. १९४९ ला युद्धविराम रेषा म्हणून आखली, १९७१ च्या युद्धानंतर शिमला करार झाला आणि १९७२ च्या डिसेंबरात नकाशांवर नव्याने आखून तिला नियंत्रण रेषा म्हणायला लागले. ही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे, म्हणजे जमिनीवर सगळीकडे खांब रोवून ठेवलेत असा प्रकार नाही. कुठे ती धारेवरून जाते, कुठे जंगलातून, कुठे नाल्यातून, आणि केरनला तर काही अंतर किशनगंगा नदीच रेषा आहे. पलीकडे हिलाच नीलम म्हणतात. केरन नावाचं गाव दोन्ही काठांवर आहे, नातेवाईक समोरच्या काठावर दिसतात, मध्ये फक्त पाणी. १९४९ च्या करारात दोन्हीकडच्या फौजांनी रेषेपासून ५०० यार्ड लांब राहायचं असं लिहिलं होतं आणि त्यातून किशनगंगेचा हा भाग वगळला होता. म्हणजे इथे दोघे एकमेकांच्या तोंडासमोर राहणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

आता केरनच्या मागे बघा. शमशाबरी नावाची उंच डोंगररांग आहे, कुपवाडा आणि केरन यांच्या मध्ये भिंतीसारखी उभी, फर्कियां खिंडीतून रस्ता जातो आणि हिवाळ्यात तो बर्फाने बंद पडतो. पलीकडून येणाऱ्याला नदी नाहीतर धार ओलांडायची, मग कुंपण, मग ही शमशाबरी चढायची आणि मगच तो खाली कुपवाड्याच्या जंगलात, लोलाबच्या खोऱ्यात उतरतो. एका रात्रीत होणारं काम नाही हे. पाठीवर शस्त्र, दारूगोळा, खाणं, बॅटऱ्या, आणि सोबत बहुतेक वेळा वाट माहीत असणारा वाटाड्या. म्हणजे तोही थकतो, त्यालाही थंडी वाजते, त्यालाही कुठेतरी थांबावंच लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि बेहक म्हणजे काय तर उंचावरचं कुरण. उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल लोक मेंढ्या-गुरं घेऊन तिकडे चढतात, लाकूड-मातीच्या बसक्या झोपड्या असतात त्यांच्या, ढोक म्हणतात तिला. हिवाळ्यात सगळं रिकामं. माणूस नाही, कुत्रं नाही, धूर नाही. लपून राहायचं असेल तर याहून बरी जागा कुठली, आणि शोधायला जाणाऱ्यासाठी याहून वाईट कुठली.

कुंपणाचं काय झालं होतं

लोक विचारतात, एवढं कुंपण घातलंय ना मग येतात कसे? प्रश्न रास्त आहे. कुंपण घालायचा प्रयत्न १९९० च्या दशकातच सुरू झाला होता पण काम करणाऱ्यांवर पलीकडून तोफा-उखळी डागल्या जायच्या, काम पुढेच सरकायचं नाही. २५-२६ नोव्हेंबर २००३ ला, ईदच्या वेळी, युद्धविराम झाला आणि ती संधी लष्कराने सोडली नाही. जनरल निर्मल चंदर विज तेव्हा लष्करप्रमुख होते, त्यांनी हे काम अक्षरशः रेटून नेलं आणि २००४ संपायच्या आत साधारण ५५० किलोमीटरचं कुंपण उभं राहिलं. साडेपाचशे किलोमीटर, तेही अशा डोंगरात जिथे लोखंडी अँगल आणि तारेची भेंडोळी खेचरांवर आणि माणसांच्या पाठीवर चढवावी लागतात. मला हे काम आपल्या लष्कराच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात कमी बोलल्या गेलेल्या कामांपैकी एक वाटतं.

कुंपण साधारण १२ फूट उंच, दोन रांगा आणि मध्ये काटेरी भेंडोळी. बऱ्याच ठिकाणी वीज सोडलेली, जोडीला सेन्सर, रात्री शरीराच्या उष्णतेवरून माणूस दाखवणारे थर्मल कॅमेरे. आणि या सगळ्या महागड्या सामानाच्या जोडीला तारेवर लटकवलेले रिकामे डबे आणि बाटल्या. हो, साधे पत्र्याचे डबे. तार हलली की खडखडतात. धुक्यात थर्मल कॅमेऱ्याची नजर अधू होते, बॅटरी थंडीने मान टाकते, सेन्सर अस्वलालाही ओरडतो आणि रानडुकरालाही, पण डबा खडखडला की ड्युटीवरच्या पोराचे कान टवकारतातच. आणि रोज सकाळी गस्त निघते ती कुंपणाला लागून, तार कुठे कापलीय का, खालून माती उकरलीय का, दव कुठे पुसलंय का, गवत कुठे झोपलंय का. रोज तेच अंतर, तोच चढ, आणि तरीही नजर नवीन ठेवायची. हे डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे आणि त्याचा फोटो कधी येत नाही.

पण कुंपण माणसाला अडवत नाही. तयारीने आलेला माणूस कटर घेऊन येतो आणि काही मिनिटांत वाट करतो, कुणी वरून शिडी टाकतो. कुंपणाचं काम त्याला उशीर करायचं. तो जिथे अडखळला तिथे दहा मिनिटं, वीस मिनिटं तो एका जागी सापडतो, आवाज करतो, मागे खूण सोडतो. ती मिनिटं आपण वापरली तर कुंपणाचा उपयोग, नाही वापरली तर ते नुसतं भंगार. म्हणून कुंपणाच्या पुढेही दबा धरून बसलेल्या तुकड्या असतात, कुंपणावर असतात आणि कुंपणाच्या मागेही असतात, आणि त्याच्याही मागे डोंगर उतरताना राष्ट्रीय रायफल्स, म्हणजे लष्कराचं खास दहशतवादविरोधी दल. एकात एक अशा चाळण्या समजा. पहिलीतून निसटला तो दुसरीत, दुसरीतून निसटला तो तिसरीत.

आता हिवाळा. या भागात खिंडींमध्ये दहा-दहा, पंधरा-पंधरा फूट बर्फ साचतो. १२ फुटांचं कुंपण त्याच्या खाली जातं. नुसतं झाकलं जात नाही तर बर्फाच्या वजनाने आणि हिमस्खलनाने अँगल वाकतात, तार तुटते, वीज बंद पडते. दरवर्षी बराच मोठा भाग नव्याने उभा करावा लागतो. वसंतात ते काम चालू व्हायच्या आधीचे काही आठवडे असे असतात की वर बर्फ चालण्याइतका घट्ट झालेला असतो आणि खाली कुंपण मेलेलं असतं. एरवी घुसखोरीचा हंगाम बर्फ वितळल्यावर, साधारण मे ते नोव्हेंबर. मग हे पाच जण मार्चअखेरीला-एप्रिलच्या सुरुवातीला का आले असतील? माझा अंदाज असा की हेच गणित केलं असणार, कुंपण गाडलेलं आहे, खिंडी बंद म्हणून आपल्या हालचाली कमी आहेत, आणि सगळा देश दुसरीकडे बघतोय. जीव मुठीत घेऊन यायचं पण अडथळा एक कमी.

त्यांनी एक गोष्ट मात्र गमावली. उन्हाळ्यात खडकावरून गेलेल्या माणसाचा माग काढणं महाकठीण, पण ताज्या बर्फात पाच माणसं ठसे न सोडता जाऊच शकत नाहीत. कुंपणाने जे काम करायचं ते त्या दिवशी बर्फाने केलं.

पाच दिवस

१ एप्रिलला ठसे दिसले, माग काढत तुकडी पुढे गेली आणि दुपारच्या सुमारास गाठ पडली. गोळीबार झाला. पाचही जण पाठीवरच्या पिशव्या टाकून पळाले. त्या पिशव्या आपल्या हाती लागल्या. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला निम्मा निकाल इथेच लागला होता, कारण त्या उंचीवर, त्या थंडीत, खाण्यापिण्याचं सामान गमावलेला माणूस किती दिवस काढणार. पण एवढ्यात जंगल, घळी, धुकं आणि बर्फ यांनी त्यांना गिळलं आणि संपर्क तुटला.

मग सुरू झाला तो वेढा. आसपासच्या बटालियन आल्या, वाटा धरल्या, नाल्यांची तोंडं धरली. बर्फ कुठे गुडघ्यापर्यंत कुठे कमरेपर्यंत. ज्याने कधी कमरेएवढ्या बर्फातून चालून बघितलं नाही, मी पण नाही बघितलेलं, त्याला हे कळायला थोडी कल्पना ताणावी लागेल. एकेक पाय उपसून काढायचा, पुढे टाकायचा, तो पुन्हा आत जातो. पुढचा माणूस वाट पाडतो, दमला की मागे होतो आणि दुसरा पुढे येतो. हातात बंदूक, अंगावर सगळं ओझं, आणि समोरच्या झाडीत कुठेतरी कुणी आपल्याकडे नेम धरून बसलेला असू शकतो. शंभर मीटर जायला किती वेळ लागतो त्याला मैदानातला हिशोब चालत नाही. ठसे पुन्हा दिसायचे, पुन्हा हरवायचे. पुढच्या दिवसांत पुन्हा एकदा गाठ पडली, पुन्हा निसटले.

शेवटी ४ पॅराची तुकडी बोलावली. ही तीच बटालियन जिची माणसं २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकमध्ये होती. सुभेदार संजीव कुमार पुढे, तुकडीला हेलिकॉप्टरने त्या भागात आणलं आणि तिथून ते ठशांच्या मागावर चालत निघाले.

आणि इथे डोंगराने घात केला. वाऱ्यामुळे धारेच्या काठावर बर्फाचा छज्जा तयार होतो, वरून बघितलं तर सपाट घट्ट जमीन वाटते, प्रत्यक्षात खाली काहीच नसतं, पोकळी. ठशांचा माग घेत चाललेल्या जवानांच्या पायाखालचा तो छज्जा तुटला आणि ते खाली नाल्यात कोसळले. ज्यांना शोधत होते ते त्याच नाल्यात होते. म्हणजे एका क्षणी वर धारेवर माग काढतायत आणि दुसऱ्या क्षणी पडून, बर्फात रुतून, दोन-तीन मीटरवर एके-४७ घेतलेला माणूस. इतक्या जवळून जे झालं त्याला हातघाईच म्हणायची. पाचही घुसखोर तिथेच मेले. आपले तिघं जागेवर गेले, दोघांना हॉस्पिटलला हलवलं, तेही वाचले नाहीत. मृतदेह एकमेकांपासून हातभर-दोन हातांच्या अंतरावर सापडले. सुभेदार संजीव कुमार यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळालं.

मी हे जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या पडण्याच्या क्षणाशी थांबतो. पडल्यावर माणसाचा पहिला विचार काय असतो, हाडं शाबूत आहेत का, बंदूक कुठे गेली. यांना तेवढाही वेळ मिळाला नाही आणि तरी पाचातला एकही घुसखोर निसटला नाही.

आता प्रश्न विचारायलाच हवेत, कारण नुसतं वंदन करून पुढे गेलो तर त्या पाच जणांकडून आपण काहीच शिकलो नाही असं होईल. थांबता आलं असतं का? पिशव्या गेलेल्या, खाणं नाही, वेढा आहे, अजून दोन दिवस नुसतं कोंडून ठेवलं असतं तर? कागदावर हे बरोबर दिसतं. पण तोपर्यंत दोनदा संपर्क तुटला होता आणि वेढा म्हणजे काही दोरी नव्हे, डोंगरात वेढ्याला भोकं असतातच, रात्री धुकं उतरलं की दोन चौक्यांमधून माणूस निघून जातो. आणि हे पाच जण शमशाबरी उतरून खालच्या जंगलात, वस्तीत पोचले असते तर पुढची चकमक एखाद्या घराभोवती झाली असती, लेकराबाळांच्या मध्ये. म्हणून मागावर जाण्याचा निर्णय मला बरोबरच वाटतो. छज्जा कुणाला दिसतो? गुलमर्गला लष्कराची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, तिथे बर्फ वाचायचं शिक्षण देतात, धारेच्या काठापासून आत राहा हे तर पहिले धडे असणार. पण ठसे जिथून जातात तिथूनच माग काढावा लागतो, ठसे काठाने गेले तर तुम्ही काठाने जाता. यात चूक शोधण्यापेक्षा मला वाटतं की माणसाच्या आधी त्या नाल्यावर नजर टाकणारं, थंडीत आणि वाऱ्यात टिकणारं छोटं ड्रोन प्रत्येक तुकडीकडे असणं ही त्या प्रकरणाने दाखवून दिलेली गरज आहे.

याच सेक्टरचं दुसरं उदाहरण शेजारी ठेवून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१३, शाला भाटू नावाचं कुंपणाच्या पुढचं ओसाड गाव. तिथे घुसखोर दिसले आणि पंधरा दिवस ऑपरेशन चाललं, तीस-चाळीस जण असल्याच्या बातम्या आल्या, आणि शेवटी ८ ऑक्टोबरला ते थांबवलं तेव्हा नेमकं किती आले, किती परत गेले याचं समाधानकारक उत्तर मिळालंच नाही. तोच डोंगर, तेच लष्कर. फरक हंगामाचा. तिकडे झाडी होती आणि बर्फ नव्हता, इकडे बर्फावर पाऊल उमटलेलं होतं. उमटलेलं पाऊल बघणारा माणूस त्या वेळी तिथे होता, हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा भाग. त्याचं नाव बातमीत नाही.

आणि मागची चाळणी कशासाठी हे समजून घ्यायला आपल्याला लांब जायची गरज नाही. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर, नोव्हेंबर २०१५ मध्ये याच कुपवाड्यातल्या जंगलात दडून बसलेल्या अतिरेक्यांचा माग काढत होते, स्वतः पुढे होते, १७ नोव्हेंबरला गेले. कमांडिंग ऑफिसर पुढे का, असं तेव्हा काही जण म्हणाले होते. त्या जंगलात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही तिथे मागे बसून काय कमांड करणार. दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. आणि ऑगस्ट २०१८ ला गुरेझला घुसखोर अडवताना मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे गेले. तिकडच्या नाल्याखिंडींची नावं आपल्याकडच्या घरांमध्ये अशी येऊन बसलीयत.

आकडे आणि त्यांच्या मागचं

२००१ मध्ये घुसखोरीचा सरकारी अंदाज २,४१७ होता. २००२ मध्ये १,५०४, २००३ मध्ये १,३७३ आणि कुंपण झालं त्या २००४ मध्ये एकदम ५३७. बघताक्षणी वाटतं कुंपणाने केलं. बरंचसं केलंही. पण त्याच वेळी युद्धविराम होता, म्हणजे घुसखोरांना आत ढकलण्यासाठी पलीकडून जो तोफांचा मारा व्हायचा, आपली माणसं बंकरात खाली बसली की यांनी निसटायचं, तो आडोसा गेला. ६ जानेवारी २००४ ला इस्लामाबादेत वाजपेयी-मुशर्रफ यांचं संयुक्त निवेदन झालं, त्यात पाकिस्तानच्या ताब्यातली जमीन दहशतवादासाठी वापरू देणार नाही असं मुशर्रफनी मान्य केलं. तीनही गोष्टी एकाच वर्षात. त्यामुळे एकट्या तारेला श्रेय देणारा माणूस तारेवर जास्तच भार टाकतोय. पलीकडून ढकलणारा हात सैल पडला की तार पुरते, हात जोरात ढकलायला लागला की तार कमी पडते.

पुढेही तेच दिसतं. निव्वळ आत आलेल्यांचा सरकारचा अंदाज २०१८ ला १४३, २०१९ ला १४१, मग २०२० ला ५१, २०२१ ला ३४ आणि २०२२ ला १४. २५ फेब्रुवारी २०२१ ला दोन्हीकडच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, पुन्हा युद्धविराम पाळायचं जाहीर केलं होतं. आकडे बघून हायसं वाटावं तर पीर पंजालच्या दक्षिणेला, पूंछ-राजौरीत, ऑक्टोबर २०२१ पासून एकामागून एक हल्ले सुरू झाले, आणि सांबा-कठुआच्या सपाट भागात तर २०२० च्या नोव्हेंबरातच कुंपणाखालून खणलेला बोगदा सापडला होता. उत्तरेची भिंत उंच केली तर पाणी दक्षिणेने आलं. आणि १४ हा आकडा कितीही लहान असला तरी ते १४ जण उत्तम ट्रेनिंग घेतलेले, जंगलात महिनोन्‌महिने राहू शकणारे असतील तर काय होतं ते २२ एप्रिल २०२५ ला पहलगामने दाखवलं. २६ जीव गेले, त्यात आपल्या डोंबिवली-पुण्याची माणसं होती. म्हणून मला किती आले यापेक्षा कोण आले आणि आत त्यांना कोणी सांभाळलं हे प्रश्न जास्त महत्त्वाचे वाटतात.

आता सांभाळण्याचा विषय निघालाच आहे तर जे बोलायला जड जातं तेही बोलतो. १९६५ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने ऑपरेशन जिब्राल्टरमध्ये हजारो लोक आत घुसवले, तेव्हा कुंपण नव्हतं, थर्मल कॅमेरे नव्हते. पहिली खबर कुणी दिली? गुलमर्गजवळ गुरं चारणाऱ्या मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर तरुणाने. अनोळखी लोकांनी त्याला पैसे देऊ केले, माहिती विचारली, तो सरळ पोलिसांकडे गेला. १९९९ ला कारगिलमध्येही वर काहीतरी गडबड आहे हे पहिल्यांदा सांगितलं ते याक शोधायला गेलेल्या ताशी नामग्यालने. दोन्ही वेळी डोंगरात रोज चालणाऱ्या माणसाने. बेहकवर कुठली झोपडी कुणाची, कुठल्या ढोकचं दार हिवाळ्यात उघडं राहत नाही, ही माहिती फक्त त्याच्याकडे आहे.

आणि तो माणूस आपल्या बाजूला नसेल तर? एप्रिल २०१० ला माछिलमध्ये, केरनच्या शेजारच्याच सेक्टरमध्ये, बारामुल्ला जिल्ह्यातल्या तीन साध्या तरुणांना कामाचं आमिष दाखवून रेषेजवळ नेलं आणि घुसखोर म्हणून मारलं. कोर्ट मार्शलने २०१४ मध्ये पाच जणांना जन्मठेप दिली, २०१७ मध्ये सैन्यदल न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित केली. कायद्याचं जे व्हायचं ते होईल. पण कुंपणच शेत खायला लागलं तर शेत कुणाकडे बघणार? त्या एका घटनेने किती मोहम्मद दीन गप्प बसले असतील याची कुठेच नोंद होत नाही. मी लष्कराचा मनापासून आदर करणारा माणूस आहे आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण रणदोरी बेहकला जे पाच जण पडले त्यांनी ज्या गोष्टीसाठी जीव दिला तीच गोष्ट माछिलसारखं प्रकरण आतून पोखरतं.

अजून एक राहिलं. कुंपण रेषेवर नाही, रेषेच्या आत आहे, कुठे काहीशे मीटर कुठे दोनेक किलोमीटर, कारण डोंगरात जिथे पाया मिळतो आणि मागून नजर ठेवता येते तिथेच ते घालावं लागतं. म्हणजे कितीतरी गावं कुंपण आणि रेषा यांच्या मध्ये राहिली, केरनकडे, करनाहकडे, उरीला, पूंछला. भारताचेच नागरिक, आणि घरी जाताना गेटवर ओळखपत्र दाखवायचं, पाहुणा आला तर त्याची नोंद, अंधार पडला की गेट बंद. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर गेट उघडायला निरोप पाठवायचा. शेताचा तुकडा तारेच्या पलीकडे आणि गोठा अलीकडे. गोळाबारी सुरू झाली की पहिला गोळा यांच्याच छपरावर, मे २०२५ ला पूंछमध्ये आणि करनाहमध्ये काय झालं ते आपण पाहिलं. ही माणसं आपली सगळ्यात पुढची चौकी आहेत आणि त्यांना बंकर, दवाखाना आणि गेटवर सन्मानाची वागणूक यातलं काहीही द्यायला आपण इतका वेळ घेतो, हे मला खरोखर लागतं. रात्री कुत्री का भुंकली हे सांगणारा माणूस हवा असेल तर त्याला दिवसा गेटवर ताटकळत ठेवून कसं चालेल.

रणदोरी बेहकनंतर महिन्याभरात, दरवर्षीप्रमाणे, बर्फ उतरायला लागला असणार आणि तुकड्या फावडी, अँगल आणि तारेची नवी भेंडोळी घेऊन वर चढल्या असणार. कुंपण आधी खणून काढायचं, वाकलेला अँगल उपटायचा, नवा ठोकायचा, तार ओढून ताणायची, हात फाटतात म्हणून जाड मोजे घालून. मग वीज जोडायची. आणि मग कुणीतरी एक एक करून तारेवर ते रिकामे डबे पुन्हा बांधत जातो, एकदा हलवून बघतो वाजतोय का, आणि पुढच्या खांबाकडे जातो.